तंबोऱ्याच्या खोलीतला आर्द्रतामापक: पाचपैकी साडेतीन

हवेतली ओल मोजणारी ही डबी घेऊन वर्ष झालं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जनकगंजकडे आमचं जुनं घर आहे, मी तिथे गाणं शिकवते. खोलीत दोन तंबोरे, एक तबलाजोडी आणि खिडकीत कूलर. हा कूलरच सगळ्या भांडणाचं मूळ. मे महिन्यात तो लावला की तासाभरात तबला उतरतो, बंद केला की चढतो, आणि तबल्याला बसणारा आमचा पुतण्या हातोडी घेऊन गट्टे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, ठोकत राहतो. म्हटलं, हवेत नेमकं काय होतंय ते एकदा आकड्यांत बघू.

डबी काडेपेटीहून जरा मोठी. वर तापमान, खाली टक्के. साडेतीनशे रुपयांच्या आत मिळाली. मागचं लोहचुंबक दुसऱ्याच आठवड्यात सुटलं, विकणाऱ्याने फोन उचलला नाही, मी फेव्हिक्विकने चिकटवलं. तो विषय तिथेच संपला.

आकड्यावर मात्र आल्या आल्या विश्वास ठेवू नका, आधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ, त्यावर पाण्याचे मोजके थेंब. मीठ विरघळता कामा नये, ओल्या वाळूसारखं दिसलं पाहिजे. झाकण आणि मापक दोन्ही घट्ट डब्यात बंद करून रात्रभर ठेवा. आपल्या घरातल्या तापमानाला त्या डब्यातली आर्द्रता 75 टक्क्यांवर स्थिरावते. माझ्या डबीने सकाळी 71 दाखवले. म्हणजे हिचा चार टक्क्यांचा खोटेपणा कायमचा. एकदा कळल्यावर चालतंय, मनात चार मिळवायचे. पुढचे आकडे तसेच मिळवून दिलेत.

मेच्या एका दुपारी कूलरआधी खोलीत 42 अंश, 18 टक्के. तासाने 30 अंश, 54 टक्के. आता सांगा, तबल्याची पुडी काय करेल? कातडं ओल ओढून सैल पडतं, सूर खाली येतो. लाकूडही ओल पिऊन फुगतं. तंबोरा तबल्याइतका लगेच बोलत नाही, पण दुसऱ्या दिवशी खुंट्या हट्ट धरतात आणि जवारीचा, म्हणजे घोडीवर तारेखाली घातलेला, दोरा पुन्हा सरकवावा लागतो. तेव्हापासून तंबोरे आतल्या खोलीत, गोधडीखाली. तिथे कूलर चालू असतानाही काटा तीस टक्क्यांच्या आसपास राहतो. काटा म्हणायची सवय, आहे आकडाच.

आता खरी गंमत. जानेवारीत पहाटे डबी गच्चीवर ठेवली होती. धुकं असं की समोरचं घर दिसेना. 7 अंश, 99 टक्के. मेमधल्या लूच्या, म्हणजे उष्ण वाऱ्याच्या, एका दुपारी तिथेच 43 अंश, 16 टक्के. कोणीही म्हणेल, जानेवारीची हवा ओलीचिंब आणि मेची कोरडी ठाक. हिशोब करून बघितलं तर धुक्याच्या घनमीटरभर हवेत जेमतेम पावणेआठ ग्रॅम वाफ आणि लूमध्ये साडेनऊच्या घरात! टक्के म्हणजे हवेत पाणी किती ते नव्हे, त्या तापमानाला जेवढं मावेल त्यातलं किती भरलंय ते. गरम हवेचं भांडंच मोठं.

गंमत पुढे आहे. लाकडाला आणि कातड्याला ते ग्रॅम कळत नाहीत, ती टक्क्यांवरच चालतात. म्हणून वाद्यांसाठी ही डबी योग्यच. केसाचंही तसंच: ओल वाढली की तो लांबतो, आणि 1783 साली सोस्यूर या जिनिव्हाच्या शास्त्रज्ञाने त्याच गुणावर आर्द्रतामापक केला. आमच्या मुलींच्या वेण्या जुलैत फुगतात त्याचं कारण तेच.

पावसाचा अंदाज बांधायला घेणार असाल तर मात्र निराशा होईल. त्याला दवबिंदू लागतो, म्हणजे हवा ज्या तापमानाला थंड केली की वाफेचं पाणी होऊ लागतं ते, आणि या डबीत तो नाही. पाचातले जे दीड तारे मी कापले, त्यातला निम्मा भाग इथेच गेला. लूच्या त्या दुपारी दवबिंदू 12 अंशांच्या आसपास निघतो, म्हणजे तापमानाशी 31 अंशांचं अंतर. अंशाला सव्वाशे मीटर या ढोबळ हिशोबाने जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेत ढग धरायला जवळजवळ चार किलोमीटर जावं लागतं. त्यातून थेंब सुटले तरी वाटेतच वाळतात. आपल्या वाट्याला आंधी आणि धूळ. जुलैत 30 अंश, 85 टक्के असताना तेच अंतर तीन अंशांचं, ढगाचा तळ साडेतीनशे-चारशे मीटरवर. किल्ल्यावरून हात लावावा असं वाटतं ते उगीच नाही.

उरलेला भाग कापला तो डबीच्या पडद्यावरच्या चेहऱ्यासाठी. चाळीस ते साठ टक्क्यांत तो हसतो, एरवी तोंड पाडून बसतो. ग्वाल्हेरात त्याने हसायचं कधी? मे-जूनमध्ये रडका, श्रावणात रडका. विद्यार्थिनी सूर लावण्याआधी त्याच्याकडे बघतात आणि बेसूर झाल्या की त्याच्याकडे बोट दाखवतात.

सेल बटणासारखा, माझा दहा महिने चालला. मागचं झाकण नखाने उघडू नका, नख तुटतं. जुनं चार आण्याचं नाणं खाचेत बरोबर बसतं.