जुन्या नेटवर्कसाठी ‘कन्व्हर्टर’ विकत घेताना झालेली फसवणूक

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्यात जकार्डची डिझाइन मागांना पुरवणारा एक जुना संगणक अजून कामात आहे, आणि त्याच्या नेटवर्क कार्डाला केवळ बीएनसीचे, म्हणजे जाड एकेरी केबल फिरवून बसवण्याचे, गोल तोंड आहे. मागांचे सॉफ्टवेअर त्याच संगणकावर चालत असल्याने तो बदलणे परवडणारे नव्हते; आरजे-४५ हे आजचे चौकोनी नेटवर्क तोंड असलेल्या नव्या संगणकांवरील फाइली थेट त्यात जाव्यात, एवढीच आमची गरज होती.

एका विक्रेत्याने ‘बीएनसी टू आरजे-४५ कन्व्हर्टर, बाहेरचा माल, लावला की चालू’ असे सांगून धातूची एक छोटी डबी चार हजार रुपयांना आमच्या माथी मारली आणि पक्के बिल मागताच कोऱ्या कागदावर रक्कम लिहून दिली. डबी जोडली, पण नव्या संगणकांना एकमेकांशी जोडणाऱ्या नेटवर्क स्विचवरचा दिवा लागला नाही. त्यावर त्याने आमच्या केबलला दोष दिला, वेगळे पैसे घेऊन ती बदलली आणि मग ‘सेटिंग’साठी माणूस पाठवून त्याचाही आकार लावला. नव्या केबलच्या आवरणावर आरजी-५९ असे स्पष्ट छापलेले होते, म्हणजे ती सीसीटीव्हीची ७५ ओहमची (ओहम हे विद्युतरोधाचे माप) केबल होती. आमच्या या जुन्या जाळ्याला, म्हणजे १०बेस२ नावाच्या जुन्या इथरनेट पद्धतीला, ५० ओहमची आरजी-५८ लागते.

शेवटी डबी उघडली, तर आत फेराइटच्या कडीवर गुंडाळलेली बारीक तार होती. चिप नव्हती, वीज घेण्याची सोयही नव्हती. कॅमेऱ्याचे चित्र पिळलेल्या तारांच्या जोडीवरून नेणारा तो ‘बॅलून’ नावाचा साधा जोड होता. १०बेस२ मध्ये पाठवणे आणि घेणे एकाच कोॲक्सियल (मध्ये तार व भोवती जाळीचे वेष्टण असलेल्या) केबलवर होते व संदेशांची टक्कर तिच्यावरील विद्युतपातळीवरून ओळखली जाते, तर आरजे-४५ तोंडाच्या १०बेस-टी पद्धतीत तारांची पाठवण्याची जोडी वेगळी आणि घेण्याची वेगळी असते. या दोहोंमधील देवघेव वीज न घेणारी डबी करूच शकत नाही, त्यामुळे विक्रेत्याला पहिला प्रश्न विजेचा अ‍ॅडॉप्टर कोठे लागतो हाच विचारावा. सीसीटीव्हीच्या बाजारात कोॲक्सियलवरून इथरनेट नेणारी, वीज लागणारी उपकरणेही मिळतात, परंतु ती जोडीनेच बसवायची असतात आणि १०बेस२ कार्डाशी त्यांचे जुळत नाही.

आमचे काम बीएनसी व आरजे-४५ अशी दोन्ही तोंडे असलेल्या जुन्या १० एमबीपीएस (सेकंदाला १० मेगाबिट) वेगाच्या हबने, म्हणजे अनेक केबली एकत्र जोडणाऱ्या, वीज लागणाऱ्या डबीने झाले. केबल पुन्हा आरजी-५८ घातली, तिच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोक बंद करणारी बुचे, लावले (एक जरी निघाला तरी त्या केबलवरचे जाळे बंद पडते) आणि हब स्विचला जोडला. असा हब घेताना आपला स्विच १० एमबीपीएस हाफ-डुप्लेक्स (एका वेळी फक्त पाठवणे किंवा फक्त घेणे) स्वीकारतो का, हे आधी पाहावे आणि दुकानातच बीएनसीच्या तोंडावरून फाइल पाठवून दाखवायला सांगावे. विक्रेत्याने आमचे पैसे परत केलेले नाहीत, आणि त्या कोऱ्या कागदावर ना दुकानाचे नाव आहे, ना वस्तूचे.