सहा महिन्यांत सेफ्टी ऑफिसर करतो म्हणाले, १,१२,००० रुपये घेऊन गेले

साइटवर स्टीलची गाडी आली की आधी टेस्ट सर्टिफिकेट मागायचे, त्यावरचा हीट नंबर (स्टीलच्या त्या घाण्याचा क्रमांक) बंडलाला बांधलेल्या टॅगशी जुळवायचा आणि मगच गाडी खाली करू द्यायची, हे काम मी सहा वर्षे केले आहे. तोच मी एका संस्थेला १,१२,००० रुपये देताना तिच्या मान्यतेचा एकही कागद नीट वाचला नाही. हे लिहिताना लाज वाटते; तरीही लिहितो, कारण त्याच माणसांची जाहिरात गेल्या आठवड्यात मला पुन्हा दिसली आणि त्यात फक्त संस्थेचे नाव बदललेले होते.

मी सिव्हिलचा डिप्लोमा केला असून २०१७ पासून पुण्याच्या आसपास साइट सुपरवायझर आहे. २०२३ मध्ये पगार २२,००० रुपये होता आणि पुढे सरकण्याची वाट म्हणून मला सेफ्टी ऑफिसरचे पद दिसत होते. तेव्हाच्या केंद्रीय नियमांनुसार ५०० किंवा अधिक बांधकाम कामगार असलेल्या आस्थापनेला असा अधिकारी नेमावाच लागे. डिप्लोमाधारकाला पाच वर्षांचा पर्यवेक्षणाचा अनुभव, बांधकाम सुरक्षेचा किमान एक पेपर असलेली औद्योगिक सुरक्षेची मान्यताप्राप्त पदविका आणि बहुसंख्य कामगारांच्या भाषेचे ज्ञान एवढे हवे असे. अनुभव माझ्याकडे होता, हिंदी रोजच बोलत होतो. अडले होते ते पदविकेपाशी. राज्याच्या तंत्रशिक्षण मंडळाची ही पदविका एका वर्षाची आहे हे मला माहीत होते, पण सकाळी आठ ते रात्री आठ साइटवर उभ्या असणाऱ्या माणसाने ते वर्ष कोठून आणायचे? ‘फक्त रविवारी, सहा महिन्यांत, नोकरीच्या हमीसह’ ही जाहिरात माझ्यासारख्यांसाठीच लिहिलेली होती.

कार्यालयाच्या भिंतीवर ‘शासनमान्य’ या शब्दाखाली चार चौकटी टांगल्या होत्या. एकीत सोसायटी नोंदणी कायद्याखालचे प्रमाणपत्र, दुसरीत लघुउद्योगांसाठीची उद्यम नोंदणी, तिसरीत आयएसओ आणि चौथीत स्वयंसेवी संस्थांसाठीच्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक. यांपैकी एकही कागद अभ्यासक्रमाला मान्यता देत नाही. उद्यम नोंदणी तर वडापावच्या गाडीवाल्यालाही घरबसल्या, फुकट मिळते. ‘शासनमान्य’ म्हटले की कोणत्या मंडळाने, कोणत्या अभ्यासक्रमाला, कोणत्या वर्षासाठी मान्यता दिली हे विचारा, आणि उत्तर त्यांच्या माहितीपत्रकात न शोधता मंडळाच्या संकेतस्थळावर शोधा.

पैसे असे गेले: नोंदणी २,५००, शुल्क ३०,०००, २८,००० आणि २०,००० अशा तीन हप्त्यांत, परीक्षा शुल्क ६,५००, आणि ‘प्लेसमेंट डिपॉझिट’ २५,०००. यांतले ५०,००० मी गावाकडच्या पतसंस्थेतून उचलले होते. नोकरी देणारा उमेदवाराकडून डिपॉझिट घेत असेल तर तिथूनच परत फिरावे, हे आता मला कोणी सांगायची गरज नाही.

जो क्षण अजून झोपू देत नाही तो पहिल्या पावतीचा आहे. पावतीवर संस्थेचे नाव नव्हते. एका कन्सल्टन्सीचे होते, आणि ‘शिक्षण शुल्क’ऐवजी ‘समुपदेशन शुल्क’ असे लिहिले होते. मला ते दिसले. मी विचारलेसुद्धा. समोरच्या बाई हसून म्हणाल्या, “सर, ते जीएसटीसाठी असते,” आणि मी पावती घडी घालून खिशात ठेवली. हीच विसंगती सिमेंटच्या चलनावर असती तर मी गाडी परत पाठवली असती.

दुसरा क्षण परीक्षेचा. पर्यवेक्षकाने उत्तरे फळ्यावर लिहून दिली आणि आम्ही एकवीस जणांनी ती उतरवून घेतली, मीही. सहा महिन्यांत कोणी फुल बॉडी हार्नेस (उंचीवर काम करताना अंगाला बांधायचा पट्टा) हातात दिला नव्हता, स्कॅफोल्डिंगची म्हणजे परांचीची तपासणी फक्त व्हिडिओत झाली होती, तरी कोणी उठले नाही. माझे समर्थन एवढेच की त्या वेळी ९२,००० रुपये गेलेले होते आणि इतके पैसे अडकलेला माणूस शंका घेत नाही, ती दाबतो.

एका मोठ्या कंत्राटदाराने माझे प्रमाणपत्र पडताळणीला पाठवले तेव्हा उघड झाले की त्यावरच्या परराज्यातील विद्यापीठाला हे केंद्र ठाऊकच नव्हते. ती नोकरी हातची गेलीच, वर बनावट प्रमाणपत्र दिल्याचा संशय माझ्यावर आला. मी परत गेलो तोवर कार्यालयाला कुलूप लागले होते.

पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न आला, “सर्टिफिकेट मिळाले ना? मग फसवणूक कसली?” पुढच्या वेळी ते प्रकरण दिवाणी ठरले. तिसऱ्या वेळी, वर्ग एका आयुक्तालयाच्या हद्दीत भरत होते आणि पैसे दुसऱ्या हद्दीतल्या कार्यालयात दिले, म्हणून मला तिकडे पाठवले. तिकडच्यांनी पुन्हा इकडे पाठवले. नुसत्या अर्जावर पोहोच शिक्का मिळायला चार खेपा आणि चार दिवसांची मजुरी गेली. बँकेने, पैसे तुम्ही स्वखुशीने पाठवले, असे कळवले. शिक्षण खात्याच्या कार्यालयात तर संस्था आमच्याकडे नोंदलेलीच नसल्याने आम्ही कारवाई करू शकत नाही, असे ऐकवण्यात आले. म्हणजे मान्यता घेऊन चुकणाऱ्याला नोटीस आणि मान्यताच न घेणाऱ्याला अभय! ठाण्यात तक्रार घेत नसतील तर ती पोलीस अधीक्षकांना वा उपायुक्तांना पोस्टाने पाठवण्याची कायद्यात सोय आहे, एवढे कळायला मला वकिलाला १,५०० रुपये द्यावे लागले.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क नाही, पण तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते, म्हणून पावत्या आणि मोबाइलवरचे संवाद पुसू नका. संस्थेला पाठवलेली नोटीस ‘पत्ता सोडून गेले’ या शेऱ्यासह परत आली असून नवा पत्ता मलाच शोधून द्यायचा आहे. तो गेल्या आठवड्यातल्या त्या जाहिरातीच्या तळाशी छापलेला आहे.