चार फुटी मरीन टँकमध्ये कोले टँग: वर्षभराचा अनुभव

मुलुंडच्या फ्लॅटमध्ये चार फुटी मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याचा टँक आहे, साडेतीनशे लिटरच्या आसपास. त्यात कोले टँग पाळून वर्ष उलटलं. एवढ्या जागेत सर्जनफिश, म्हणजेच टँग जातीचा समुद्री मासा, ठेवायचाच असेल तर कोले किंवा टोमिनी घ्यावा, बाकीच्यांच्या वाटेला जाऊ नये, असं माझं ठाम मत झालंय.

दोन्ही सहा-सात इंचांवर थांबतात. दात ब्रशच्या केसांसारखे बारीक, त्यामुळे कोले दगडावरचा, काचेवरचा शेवाळाचा पातळ थर दिवसभर खरवडत असतो. काच दोन दिवस पुसली नाही की तिच्यावर त्याच्या ओठांचे गोल ठसे उमटतात. लांब केसाळ शेवाळ मात्र तो साफ करेल ही आशा सोडा, ते झेब्रासोमा जातीच्या टँगचं काम. नव्याकोऱ्या टँकमध्ये असा थरच नसतो, तिथे हा उपाशी मरतो. घेताना पोट बघा. खपाटीला गेलेलं असेल तर दुकानदार कितीही गळ घालू दे, पुढे चला. जोडीला क्लिपला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) लावतो, बिनमिठाची.

क्रॉफर्ड मार्केटला गेलं की नजर जाते पावडर ब्लू टँगकडे. आपल्याच हिंदी महासागरातला, दिसायला राजबिंडा. पण नऊ इंचांपर्यंत वाढणारा, सतत येरझाऱ्या घालणारा आणि महाभांडखोर. व्हाइट स्पॉट (अंगावर पांढरे ठिपके उठवणारा परजीवी रोग) आला की पहिला नंबर याचाच. निळा हेपाटस टँग मुलांच्या हट्टापायी घरी येतो आणि पुढे फूटभर होतो! सोहळ टँग तर त्याहून मोठा, त्याचं नावही काढू नका.

टँग घ्यायचा तर आधी क्वारंटाइन टँक (नवा मासा काही काळ वेगळा ठेवायची टाकी) हवा. व्हाइट स्पॉटवर कॉपर (तांब्याचं औषध) चालतं, पण मुख्य टँकमध्ये ते टाकलं की कोळंब्या गेल्याच म्हणून समजा. गोड्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी वेगळा, ती औषधं इथे आणू नयेत.

खरा खर्च चिलरचा, म्हणजे पाणी थंड ठेवणाऱ्या यंत्राचा. मे महिन्यात त्याच्याशिवाय पाणी तिशी सहज ओलांडतं. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि टँगना तो भरपूर लागतो. मी 26 वर ठेवतो. वीज गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असतो.

टँग पकडायला जाळी वापरू नका. शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी धारदार पातं असतं, ते जाळीत अडकतं आणि सोडवताना आपलं बोट कापतं. मी श्रीखंडाचा पारदर्शक डबा वापरतो.