गिरणेच्या वाळूत सराव की मनालीच्या बर्फात प्रशिक्षण?

जळगाव-धुळ्याकडून हिवाळ्यात हिमालयात जाणाऱ्यांपुढे हिमस्खलनाच्या तयारीसाठी हे दोन मार्ग आहेत.

बीकनने, म्हणजे गाडलेल्याला शोधण्यासाठी प्रत्येकाने अंगावर बाळगायच्या सिग्नल सोडणाऱ्या-पकडणाऱ्या छोट्या यंत्राने, शोधायला बर्फ लागत नाही. 457 किलोहर्ट्‌झचा सिग्नल वाळूतूनही मिळतो. सिग्नल सोडत असलेला एक बीकन डब्यात घालून गिरणेच्या कोरड्या पात्रात पुरा. जागा शोधणाऱ्याला कळू देऊ नका. मोबाइल शोधणाऱ्याच्या बीकनपासून निदान 50 सेंटीमीटर लांब. बीकनवरचा अंतराचा आकडा 3 (मीटर) वर आला की वेग कमी करून बीकन जमिनीलगत आणा, दिशा न बदलता आडव्या-उभ्या रेषेत सरकवा. बहुतेक जण इथेच घाई करतात, बीकन गोल फिरवतात आणि आकडे भरकटतात. गाडलेल्याची जगण्याची शक्यता पहिल्या 10-15 मिनिटांनंतर झपाट्याने घसरते, म्हणून घड्याळ लावूनच सराव करा. उतार मोजायचा हात तोरणमाळच्या डोंगरात बसतो. हिमस्खलनाचा धोका मुख्यतः 30 ते 45 अंशांच्या उतारांवर.

प्रोब (गाडलेल्याला चाचपायला बर्फात खुपसायची लांब काठी) मात्र वाळूत खुपसू नका, वाकेल. फावड्याचंही तेच: थांबलेलं स्खलन दगडासारखं घट्ट होतं, भुसभुशीत वाळू उपसून त्याचा अंदाज येणार नाही. प्रोबपासून उताराच्या खालच्या बाजूला, गाडल्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावरून आत खणायचं, हे मनालीतच अंगवळणी पडेल. बर्फाच्या थरांतला कच्चा थर ओळखणंही तिथलंच: 90 बाय 30 सेंटीमीटरचा खांब कापून त्यावर मनगट, कोपर, खांद्यातून 10-10 थापा मारायच्या.

पैसे एकाच गोष्टीला पुरत असतील तर मनाली. वाळूत शोधणं शिकाल, उतार टाळणं नाही.