पेनड्राइव्ह लावला की पीसी सुरू होईना: काही महिन्यांच्या वापरानंतर

नखाएवढा, ६४ जीबीचा, यूएसबी ३ चा पेनड्राइव्ह. विंडोज १० च्या डेस्कटॉपला कायमचा लावून ठेवायला घेतलेला. वाचायचा वेग चांगला आहे. मोठी फाइल टाकताना लिहायचा वेग लवकरच घसरतो आणि सलग कॉपी चालली की धातूचं टोक चांगलंच तापतं. या किमतीत एवढं चालतं. खरी कटकट पीसी सुरू करतानाची. कधी लोगोवरच अडकतो, कधी काळ्या स्क्रीनवर एक ओळ येऊन थांबतो, तर कधी ठिपके फिरता फिरता निळी स्क्रीन. पेनड्राइव्ह काढला की सगळं सुरळीत. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या तीन लक्षणांची कारणं वेगवेगळी आहेत आणि बराचसा दोष पेनड्राइव्हचा नाहीच. पीसी नेमका कुठे अडकतो ते आधी पाहा, उपाय त्यावर ठरतो.

काळ्या स्क्रीनवरच्या ओळीचं निदान सर्वांत सोपं. 'बूटएमजीआर इज मिसिंग' किंवा 'रिमूव्ह डिस्क्स ऑर अदर मीडिया' असं दिसलं की लोक हार्ड डिस्क गेली म्हणून घाबरतात आणि काही दुकानदार तर लगेच विंडोज नव्याने टाकायला निघतात. विंडोजमध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हच्या पहिल्या सेक्टरमध्ये (अगदी सुरुवातीच्या तुकड्यात) एक छोटा प्रोग्राम असतो. बायोसने (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामने) चुकून त्यालाच बूट केलं, म्हणजे तिथूनच पीसी सुरू करायला घेतला, की तो हा संदेश दाखवतो, म्हणजे ही ओळ बहुधा पेनड्राइव्हवरूनच आलेली असते. पीसी चालू करताना डिलीट किंवा एफ२ (एचपीवर एफ१०) दाबून बायोसमध्ये जा आणि बूट ऑर्डरमध्ये (कशावरून आधी सुरू व्हायचं त्या क्रमात) 'विंडोज बूट मॅनेजर' पहिला करा. जुन्या बायोसमध्ये एक मेख आहे: पेनड्राइव्ह हार्ड डिस्क म्हणून मोजला जातो आणि 'हार्ड डिस्क ड्राइव्हज' या आतल्या यादीत वर जाऊन बसतो. बाहेरचा क्रम बरोबर दिसला तरी ती आतली यादी उघडून बघाच. यूएसबी बूट पूर्ण बंद करू नका, बऱ्याच बोर्डांवर मग एफ१२ च्या बूट मेन्यूतूनही पेनड्राइव्ह गायब होतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर क्रम बदलण्याआधी रिकव्हरी की हाताशी ठेवा, ती मागितली जाऊ शकते.

लोगोवर अडकणं याहून चिवट. विंडोजचा संबंध येण्याआधीच बायोस प्रत्येक यूएसबी वस्तूला 'तू कोण' असं विचारतो आणि उत्तर येईना की वाट बघत बसतो. विंडोज पूर्ण सुरू झाल्यावर तोच पेनड्राइव्ह लावून बघा. चालला तर तो मेलेला नाही, भांडण बायोसशी आहे. मग समोरचं पोर्ट सोडून मागच्या काळ्या यूएसबी २ पोर्टला लावा. समोरचं पोर्ट केबलने बोर्डाला जोडलेलं असतं, मागचं थेट बोर्डावर असतं, त्यामुळे ढिल्या जोडणीचा संशय तिथेच मिटतो. एवढ्यानेच काम झालं तर पुढचं काही करू नका. नाहीच झालं तर बायोसमध्ये 'एक्सएचसीआय हँड-ऑफ' (यूएसबी ३ चा ताबा बायोसकडून विंडोजकडे देणारा पर्याय) चालू करा आणि 'फास्ट बूट' (बायोसच्या काही तपासण्या गाळणारा पर्याय) बंद करून बघा. 'लेगसी यूएसबी सपोर्ट' बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण त्याने यूएसबी कीबोर्ड बायोसमध्ये मुका होऊ शकतो. मग सीएमओएस रिसेट करण्यावाचून, म्हणजे बायोसची सेटिंग मूळपदावर आणण्यावाचून, गत्यंतर नाही. एएमआय कंपनीच्या जुन्या बायोसमध्ये 'इम्युलेशन टाइप' (पेनड्राइव्हला काय समजायचं) हा पर्याय सापडतो. तो 'ऑटो'वर असला की ५३० एमबीपेक्षा लहान पेनड्राइव्ह फ्लॉपी समजला जातो, तिथे 'हार्ड डिस्क' निवडा. बायोस अपडेट सगळ्यात शेवटी, तेही यूपीएसवरच.

काही बोर्डांवर 'ओव्हर करंट' असा इशारा येऊन पीसी १५ सेकंदांत बंद होतो. तसं झालं तर सेटिंग चाळत बसू नका. पोर्टमधली पिन वाकलेली असेल किंवा पेनड्राइव्हच शॉर्ट असेल. पेनड्राइव्ह काढूनही इशारा आला तर दोष पोर्टात.

निळी स्क्रीन आली म्हणजे गाडी विंडोजपर्यंत पोचली. इथे एक झटपट चाचणी आहे: रीस्टार्ट केल्यावर ठीक, पण शटडाउन करून सुरू केल्यावरच क्रॅश होतो का? तसं असेल तर पहिला संशय फास्ट स्टार्टअपवर. त्यात शटडाउनच्या वेळी कर्नल (विंडोजचा गाभा) आणि ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर साठवून पुढच्या वेळी तीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', तिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढा. एसएसडी असेल तर सुरू व्हायला लागणाऱ्या वेळेत फारसा फरक जाणवत नाही. तरी थांबलं नाही तर इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीतला सिस्टम लॉग उघडा. बहुतेक जण तिथल्या कर्नल-पॉवर ४१ वर अडकतात. ती नोंद फक्त पीसी नीट बंद झाला नाही एवढंच सांगते. कामाची नोंद १००१, बगचेकची, म्हणजे निळ्या स्क्रीनची. कोड ९एफ असेल तर वीजबचतीचा घोळ समजा: डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली खूण काढा. एफई असेल तर यूएसबी ड्रायव्हर पाहा. चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य चिपांचा) ड्रायव्हर बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून घ्या, 'ड्रायव्हर अपडेटर' नावाच्या फुकट्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका. पेनड्राइव्हवर रेडीबूस्ट (पीसीचा वेग वाढवायला पेनड्राइव्हची जागा वापरण्याची विंडोजची सोय) चालू असेल तर तेही बंद करा.

उरला खुद्द पेनड्राइव्ह. डेटा दुसरीकडे कॉपी करून आधी चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालवा. एक्सएफएटी या फॉरमॅटला जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) नसतं, त्यामुळे लिहिणं चालू असताना वीज गेली की फाइलींचा तक्ता बिघडू शकतो. मग रिकाम्या पेनड्राइव्हवर एचटूटेस्टडब्ल्यू (लिहून-वाचून क्षमता तपासणारं सॉफ्टवेअर) पूर्ण क्षमतेने चालवा. खोट्या क्षमतेचा माल तिथे उघडा पडतो. पूर्वी त्यावर विंडोज इन्स्टॉलर टाकला असेल तर फाइली डिलीट करून भागत नाही, डिस्कपार्ट या विंडोजच्या कमांडमध्ये 'क्लीन' देऊन नव्याने फॉरमॅट करा. 'लिस्ट डिस्क'मधला क्रमांक दोनदा ताडून पाहा, चुकीच्या क्रमांकावर 'क्लीन' दिलं की दुसरीच डिस्क मोकळी होते.

सध्या पेनड्राइव्ह मागच्या यूएसबी २ पोर्टात आहे, फास्ट स्टार्टअप बंद आहे आणि बूट अडकलेलं नाही. यूएसबी ३ चा वेग मात्र त्यात गेला. वेगासाठीच घेणार असाल आणि बोर्ड जुना असेल, तर कायम लावून ठेवायला हा घेऊ नका. विंडोजचा मोठा अपडेट टाकतानाही तो काढून ठेवा. २०१९ च्या मे महिन्यातला विंडोज १० चा अपडेट, बाहेरचं यूएसबी स्टोरेज लावलेलं असेल तर अडवला जायचा, कारण इन्स्टॉल होताना ड्राइव्हची अक्षरं बदलत होती.