५५ इंची बजेट ४के टीव्ही: उन्हाळा, पावसाळा आणि क्रिकेटचा हंगाम काढल्यानंतर

आधी सेट कोणता ते सांगतो. ५५ इंच, ४के म्हणजे ३८४० × २१६० ठिपके, ६० हर्ट्झ (सेकंदाला ६० चित्रं), व्हीए पॅनल, पॅनलच्या मागे थेट बॅकलाइट, खोक्यावर ‘क्यूएलईडी’चा शिक्का, गूगल टीव्ही, २ जीबी रॅम, १६ जीबी स्टोरेज, तीन एचडीएमआय, २४ वॉटचे स्पीकर. ब्रँड आणि मॉडेल क्रमांक मुद्दाम देत नाही. ३० ते ४० हजारांच्या या पट्ट्यात नाव तेच राहतं आणि आतला माल बदलतो. एकाच सीरिजमध्ये ४३ इंचीला एक पॅनल आणि ५५ इंचीला दुसरंच, असं सर्रास असतं. ४३ चा रिव्ह्यू वाचून ५५ मागवणारे इथेच फसतात.

या बजेटमध्ये पैसे पॅनल आणि बॅकलाइटवर घालावेत, बाकीच्या गोष्टींत तडजोड करावी. आवाज कमी वाटला तर साउंडबार लागतो, सॉफ्टवेअर रखडलं तर एचडीएमआयला खोचायची स्ट्रीमिंग स्टिक लागते. पॅनल मात्र घेतलं तेच शेवटपर्यंत. ‘४ जीबी रॅम, ४० वॉट साउंड’ म्हणून तीन हजार जास्त मागणाऱ्या सेटमध्ये पॅनल हलकं असेल तर तो सौदा महागच.

साइजचं गणित सोपं आहे. ५५ इंची पडदा १२२ सेंटीमीटर रुंद आणि साडेअडुसष्ट सेंटीमीटर उंच. कर्णाच्या दीडपट ते पावणेदोनपट अंतर आरामाचं, म्हणजे ५५ साठी सात ते आठ फूट. वन बीएचकेच्या दहा फुटी हॉलमध्ये सोफा भिंतीला टेकलेला असेल तर डोळे ते पडदा एवढंच अंतर उरतं. ४३ तिथे लहान पडतो (५५ चं क्षेत्रफळ त्याच्यापेक्षा ६४ टक्क्यांनी जास्त आहे), आणि ६५ घेतला तर साध्या एसडी वाहिन्यांचा चोथा दिसायला लागतो. फर्निचर करून घेताना सुताराला इंच सांगू नका, रुंदी सेंटीमीटरमध्ये सांगा. शिवाय हवा खेळायला दोन्ही बाजूंना आणि वरच्या अंगाला किमान चार बोटं जागा ठेवायला लावा. बंद कोनाड्यात टीव्ही तापतो आणि बॅकलाइटचं आयुष्य घटतं.

आता पॅनल. बाजारात मुख्यतः दोन जाती, व्हीए आणि आयपीएस. व्हीएचा कॉन्ट्रास्ट (सगळ्यात उजळ आणि सगळ्यात काळ्या भागाचं प्रमाण) तीन ते पाच हजारास एक, आयपीएसचा हजाराच्या आसपास. रात्री दिवे घालवून सिनेमा बघायचा तर व्हीएमध्ये काळा काळा दिसतो, आयपीएसमध्ये तो राखाडी होतो. याउलट, कडेला बसणाऱ्यांना व्हीए फिका दिसतो. या सेटवर मधोमध बसलेल्याला रंग भरलेले दिसतात, दिवाणावर कडेला बसलेल्याला तेच चेहरे धुतल्यासारखे. ‘एल’ आकाराचा सोफा आणि घरात पाच-सहा माणसं असतील तर आयपीएस बरा. खोक्यावर हे लिहिलेलं नसतं. दुकानात पडद्यासमोर उभं राहून हळूहळू बाजूला सरका. ४५ अंशांवर रंग उडाले तर व्हीए समजा.

क्यूएलईडीबद्दल गैरसमज फार आहे. ही पडद्याची वेगळी जात नाही. साध्या एलसीडीच्या बॅकलाइटवर क्वांटम डॉटचा थर असतो, त्याने लाल-हिरवा जास्त शुद्ध होतो. फरक दिसतो, पण कॉन्ट्रास्ट त्याने वाढत नाही. तसंच ‘मोशन रेट १२०’ म्हणजे १२० हर्ट्झ पॅनल नव्हे. स्पेसिफिकेशनमध्ये ‘नेटिव्ह रिफ्रेश रेट’ शोधा, या किमतीत तो बहुतेक ६०च निघतो. आणि ‘ए प्लस ग्रेड पॅनल’ या शब्दांना काडीचाही अर्थ नाही.

एचडीआरचा (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचा) शिक्काही तसाच. सेट एचडीआर१० आणि डॉल्बी व्हिजनचा सिग्नल घेतो, पण बजेट पॅनलचा उजेड अडीचशे ते साडेतीनशे निट्सच्या (उजेड मोजायचं एकक) घरात असतो. एचडीआरची मजा यायला सहाशेच्या पुढे जावं लागतं, शिवाय लोकल डिमिंग, म्हणजे बॅकलाइट भागाभागाने कमीजास्त होणं, हवं. त्यामुळे काही सिनेमे एचडीआरमध्ये साध्यापेक्षा अंधारेच दिसतात. डॉल्बी व्हिजनमध्ये ‘ब्राइट’ प्रोफाइल निवडलं की बघण्यालायक होतं. दिवसा खिडकी समोर असेल तर तेही पुरत नाही, खिडकीचा पडदा ओढावाच लागतो.

पॅनलची खरी परीक्षा क्रिकेटमध्ये. चेंडू सीमारेषेकडे जातो, कॅमेरा त्याच्यामागे आडवा फिरतो आणि सगळा पडदा हिरव्या रंगाने भरतो. त्या क्षणी बॅकलाइट एकसारखा नसेल तर उभे मळकट पट्टे हिरवळीवरून सरकताना दिसतात. सिनेमात हे वर्षानुवर्षं लक्षात येत नाही. म्हणून टीव्ही घरी आल्यावर यूट्यूबवर राखाडी पडद्याचा ‘ग्रे युनिफॉर्मिटी टेस्ट’ आणि दिवे घालवून काळा पडदा लावून बघा. कडेला थोडा उजेड झिरपणं या किमतीत चालवून घ्यायचं. मधोमध ठळक डाग, रंगीत ठिपका किंवा मेलेला पिक्सेल दिसला तर बदलून मागायचा, आणि बदलीची मुदत थोड्याच दिवसांची असते हे लक्षात ठेवायचं. डिलिव्हरी घेताना खोका उघडण्यापासून पहिल्यांदा चालू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा. फुटलेला पडदा वॉरंटीत बसत नाही, आणि तो व्हिडिओ सोडला तर तुमच्या हातात पुरावा नसतो.

चित्र वाईट दिसतंय अशी तक्रार येते तेव्हा अर्ध्या वेळा दोष टीव्हीचा नसतो, सेट टॉप बॉक्सचा असतो. एसडी वाहिनीचं चित्र ५७६ ओळींचं. ते २१६० ओळींवर ताणल्यावर टीव्हीने किती म्हणून भर घालायची? झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी यांच्या एचडी वाहिन्या आहेत, त्या पॅकमध्ये घ्या. मग बॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ आउटपुट १०८०आय किंवा १०८०पी, ५० हर्ट्झ करा. पुष्कळ ठिकाणी ते ७२० वर पडून असतं, कधीकधी तर बॉक्स अजून पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरवरच जोडलेला असतो. टीव्हीच्या बाजूला ओव्हरस्कॅन (चित्र थोडं मोठं करून कडा कापणं) बंद करा. बातम्यांची खालची पट्टी कापली जात असेल तर कारण हेच.

आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं आहे. बॉक्सवरून आलं की टीव्ही आपोआप ५० वर जातो आणि सगळं सुरळीत दिसतं. तोच सामना ॲपवर लावला तर अनेकदा ६० वर अडकतो आणि खालची सरकती पट्टी ठराविक लयीत अडखळते. गूगल टीव्हीच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘मॅच कंटेंट फ्रेम रेट’ असेल तर ते चालू करा.

पिक्चर सेटिंग एकदा बसवलं की परत हात लावावा लागत नाही. ‘व्हिविड’ सोडून ‘मूव्ही’ किंवा ‘फिल्ममेकर’ घ्या. पहिले दोन दिवस पिवळट वाटतं, मग डोळा सरावतो. कलर टेंपरेचर वॉर्म, शार्पनेस शून्य ते दहा, नॉइज रिडक्शन आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद. पॉवर सेव्हिंगही बंद, नाहीतर उजेड वरखाली होत राहतो. बॅकलाइट रात्री ४०, दिवसा ७०. मोशन स्मूदनिंग (मधली चित्रं टीव्हीने स्वतः भरणं) सिनेमाला बंद ठेवा, नाहीतर कुठलाही सिनेमा मालिकेसारखा दिसतो. सामन्याला ते कमीत कमी पायरीवर चालेल, पण जास्त केलं तर चेंडूभोवती खळं तयार होतं. हे बदल प्रत्येक एचडीएमआयला आणि एचडीआर चित्राला वेगवेगळे करावे लागतात, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

सॉफ्टवेअर पहिले काही महिने बरं चाललं. मग अपडेट येत गेले तसं होम स्क्रीन उघडायला रेंगाळू लागलं. २ जीबी रॅमची हीच मर्यादा. न लागणारी ॲप काढणं, जाहिरातींचा होम स्क्रीन ‘ॲप्स ओन्ली’ मोडवर टाकणं आणि आठवड्यातून एकदा रिमोटचं पॉवर बटण दाबून धरून रीस्टार्ट, एवढ्याने निम्मा त्रास गेला. ८ जीबी स्टोरेजचे सेट अजून मिळतात, ते घेऊ नका. त्यातली निम्मी जागा सिस्टिमच खाते. वायफाय ५ गिगाहर्ट्झवर ठेवा. टीव्हीचा लॅन पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचाच असतो, पण ४के स्ट्रीमिंगला १५ ते २५ पुरतात, त्यामुळे राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर वायरच भरवशाची. पेन ड्राइव्हवरच्या सिनेमाचं चित्र येतं आणि आवाज येत नाही, तर त्या फाइलचा ऑडिओ बहुधा डीटीएस या प्रकारातला असणार. बरेच सेट तो वाजवत नाहीत.

आवाजाबद्दल थोडक्यात: बातम्या, मालिका ठीक, सिनेमात संवाद दबतात. स्पीकर खाली तोंड करून असतात, भिंतीवर लावलेल्या टीव्हीचा आवाज जमिनीकडे जातो. साउंडबार घ्यायचा तर एआरसी लिहिलेल्या, म्हणजे टीव्हीचा आवाज बाहेर देणाऱ्या, एचडीएमआयलाच जोडा (तीनपैकी एकच तसा असतो) आणि टीव्हीत सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणं एकमेकांना हुकूम देतात ती सोय) चालू करा, म्हणजे एकाच रिमोटने भागतं. ओठ आणि आवाज मागेपुढे झाले तर ऑडिओ डिले बघा.

भिंतीवर लावणं हा भाग लोक तंत्रज्ञावर सोडून देतात. तसं करू नका. बसलेल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १०० ते १०५ सेंटीमीटरवर असतात, पडद्याचा मध्य तिथे यावा. म्हणजे टीव्हीची खालची कड जमिनीपासून साधारण २६ ते २८ इंचांवर. तंत्रज्ञ उभ्याने मोजतो आणि फूटभर वर लावून जातो, मग वर्षभर मान दुखते. व्हीएवर तर खालून बघितल्याने रंगही उडतात. दुसरं, नव्या इमारतींत आतल्या भिंती बहुधा सिपोरेक्सच्या (हलक्या, सच्छिद्र काँक्रीट ब्लॉकच्या) असतात. विटेला चालणारा दीड इंची प्लास्टिकचा गिट्टा तिथे धरत नाही, ब्लॉक भुसभुशीत असतो. हॅमर बंद ठेवून साधं ड्रिल मारायचं आणि तीन-चार इंच लांबीचे नायलॉन अँकर वापरायचे. तेरा-चौदा किलोचा सेट फिक्स ब्रॅकेटवर आरामात राहतो. पुढे ओढायचा हात असलेला ब्रॅकेट मात्र वजन भिंतीपासून दूर नेतो आणि वरचे स्क्रू उपटायला बघतो, सिपोरेक्सवर तो टाळलेलाच बरा. एचडीएमआय केबल आधीच लावून मग टीव्ही टांगा, नंतर मागे बोटही जात नाही.

वीज. लेबलवर १०० ते २४० व्होल्ट लिहिलंय, म्हणजे कमी दाबाची चिंता नाही, स्टॅबिलायझरही लागत नाही. धोका जास्त दाबाचा. थ्री फेज पुरवठ्यात बाहेर कुठे न्यूट्रल तुटला की घरात २३० च्या जागी ४०० पर्यंत व्होल्ट येऊ शकतात. स्पाइक गार्ड क्षणिक झटक्यासाठी असतो, असा टिकून राहणारा दाब त्याला झेपत नाही, तोच जळतो. गावाकडे किंवा जुन्या वायरिंगच्या इमारतीत मेन बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, आणि अर्थिंग खरंच आहे का हे वायरमनकडून तपासा. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला की प्लग काढाच, सोबत डिशची केबलही. वीज बरेचदा छत्रीच्या वायरवरून बॉक्समध्ये आणि तिथून एचडीएमआयमधून टीव्हीत शिरते, प्लग काढलेला असला तरी. वीजबिलाचं म्हणाल तर सरासरी १०० वॉट आणि रोज पाच तास धरले की महिन्याला १५ युनिट.

पडदा पुसायला कोरडा मायक्रोफायबर. काचेचा स्प्रे थेट मारलात तर थेंब ओघळून खालच्या पट्टीत जातात. पॅनल चालवणाऱ्या पातळ फिती बहुतेक सेटमध्ये तिथेच किंवा वरच्या कडेला असतात, त्या ओल्या झाल्या की पडद्यावर कायमची उभी रेघ उमटते. कोकणात, गोव्यात पावसाळ्यात टीव्ही आठवडेच्या आठवडे बंद ठेवू नका. रोज तासभर चालवला की आतली दमट हवा सुकते.

बॅकलाइट बिघडतो तेव्हा लक्षणं ठरलेली असतात. आवाज येतो, चित्र नाही, पण टॉर्च पडद्याला टेकवली की आत पुसट चित्र दिसतं: एलईडीची पट्टी गेली. एका ओळीतला एक एलईडी गेला तरी सगळी ओळ, कधी सगळा पडदा विझतो. पडद्यावर गोल पांढरे ठिपके आले तर एलईडीवरची भिंगं गळून पडली. दोन्ही गोष्टी दुरुस्त होतात. फुटलेलं पॅनल बदलणं मात्र परवडत नाही, त्याचा खर्च नव्या सेटच्या जवळ जातो.

किंमत ठरवताना एक लक्षात घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. त्याआधी ४० हजारांना असलेला सेट, मूळ किंमत तीच राहिली तर, ३६,८७५ ला पडायला हवा. जुन्या भावावर ‘सूट’ दाखवणाऱ्या जाहिरातीशी हा आकडा ताडून बघा. वाढीव वॉरंटी घ्यायची तर ‘पॅनलसह’ आहे का ते वाचूनच. आणि मूळ वॉरंटी संपायच्या महिनाभर आधी राखाडी-काळा पडदा, तिन्ही एचडीएमआय, एआरसी, यूएसबी, वायफायचे दोन्ही बँड हे सगळं एकदा तपासा. काही खटकलं तर फोनवर न बोलता ॲपवर किंवा ईमेलवर तक्रार नोंदवा. तंत्रज्ञ नंतर कधीही येवो, नोंदीची तारीख वॉरंटीच्या आतली असली पाहिजे.