रविवारची उपासना, घरमंडळी की वेगळी संगती?

खासबाग मैदान आणि तालीम यांतला फरक कोल्हापूरच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. मैदानात बसून कुस्ती बघायची, तालमीत मात्र लाल माती आपल्या अंगाला लागते. आपली उपासना हळूहळू मैदानासारखी होत गेली आहे. समोर पाळक (आपले पास्टर), दोन वडील, म्हणजे मंडळीनं निवडलेले पुढारी, आणि गायनमंडळ, बाकीचे सगळे बाकांवर. बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्रात, १४व्या अध्यायात, पौल लिहितो की तुम्ही जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काहीतरी असतं. कुणाजवळ स्तोत्र, कुणाजवळ शिक्षण. ते कसं साधायचं, यावर ज्यांच्या पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीत, सध्या चर्चा चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या कमिटीत मी तीन वर्षं हाच विषय लावून धरला होता.

पहिली वाट सगळ्यात सोपी. इमारत तीच, वेळ तीच, फक्त वाचन, प्रार्थना, साक्ष (देवाचा आपला अनुभव सांगणं) हे आळीपाळीनं सभासदांकडे द्यायचं. खर्च नाही, पाळकांची संमती पुरते. आम्ही मध्यस्थीची प्रार्थना अशी वाटून दिली, तेव्हा शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणारे एक भाऊ वहीच्या कागदावर चार ओळी लिहून घेऊन आले. रात्रपाळीवाल्यांसाठी प्रार्थना होती ती. भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसासाठी आमच्या वेदीपुढे त्याआधी कुणी प्रार्थना केलेली मला तरी आठवत नाही. पण दीड तासात फार तर सात-आठ जणांना संधी मिळते, आणि ती पुन्हा ज्यांना बोलता येतं त्यांनाच. एवढ्यावर थांबायचं असेल तर माणसं बाकावरच राहतील.

दुसरी वाट घरमंडळ्यांची. मंडळी तीच ठेवायची, पण आठवड्यातून एकदा कसबा बावडा, राजारामपुरी, उचगाव, फुलेवाडी असे भाग पाडून दहा-बारा जणांनी एका घरात बसायचं. यात नवीन काही नाही. रोमकरांस पत्रात प्रिस्का आणि अक्विला यांच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहेच. १७४२ साली इंग्लंडात ब्रिस्टलमध्ये मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लींच्या लोकांनी सभागृहाचं कर्ज फेडायला बारा-बारा जणांचे वर्ग केले. पैसे गोळा करायला घरोघर फिरणाऱ्याला घरातली दुखणी दिसू लागली आणि ते वर्ग एकमेकांचा सांभाळ करणारे झाले.

आमचे पहिले सहा महिने मात्र वाया गेले. एक वडील चाळीस मिनिटं संदेश द्यायचे, म्हणजे रविवारच बुधवारी आला. शिवाय ज्या घरी सभा, त्या घरची बाई प्रार्थना सोडून पोह्यांच्या कढईपाशी. मग दोन नियम केले: फक्त चहा, आणि संदेश नाही. एक उतारा आळीपाळीनं वाचायचा आणि प्रत्येकानं आपल्याला काय लागलं ते सांगायचं. एका आजींना वाचता येत नाही. त्यांची पाळी आली की त्या डोळे मिटून ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचा अभंग म्हणतात आणि मग त्यावर बोलतात. देवळात त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

२०१९च्या ऑगस्टात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा कुणाचं घर तळमजल्यावर आहे, कुणाला रोज इन्सुलिन लागतं, हे कमिटीच्या रजिस्टरात नव्हतं. घरमंडळीला ते तोंडपाठ होतं.

धोकाही सांगते. गट भावकीनुसार पडू देऊ नका. जुनी मिशन कंपाउंडातली घराणी एकीकडे आणि नंतर आलेली कुटुंबं दुसरीकडे, असं झालं तर फूट आपणच घरात आणली. आणि प्रभूभोजन, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, आपल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या रीतीप्रमाणे पाळकांच्याच हातून होणार. घरात प्रेमभोजन, म्हणजे एकत्र साधं जेवण, करता येईल, त्याहून पुढे नाही.

हीच गोष्ट काहींना अडते आणि ते तिसऱ्या वाटेला जातात, म्हणजे स्वतंत्र संगती. तिथं भाकर सगळे मिळून मोडतात, निर्णय खोलीतच होतो, नवा माणूस पहिल्याच दिवशी साक्ष देतो. ती ऊब खरी आहे, तिला नावं ठेवू नयेत. पण निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या. १८७२च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न लावायचा अधिकार कुणाकडे आहे? माती द्यायची वेळ आली तर जागा कोणत्या दफनभूमीत? आणि दानाचे पैसे कुणाच्या नावावर, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या विश्वस्त संस्थेच्या की एखाद्या भावाच्या खात्यात?

माझी खरी काळजी यापुढची आहे. अशी संगती बहुधा एका कृपादान लाभलेल्या माणसाभोवती उभी राहते. टिळकांनी १९१७ साली बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या सगळ्यांसाठी ‘देवाचा दरबार’ मांडला. माझ्या मते मराठी ख्रिस्ती माणसाला सुचलेली ती सगळ्यात मोकळी कल्पना. १९१९ साली टिळक गेले आणि दरबाराचा जोर ओसरला. उलट आपल्याकडे कोल्हापुरात १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर आले आणि त्यांच्यामागून मंडळीनं वडील निवडण्याची प्रेस्बिटेरियन रीत रुजली; १९७० साली वेगवेगळ्या मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली, त्यानंतरही पास्टरेट कमिटी सभासदच निवडतात. पाळकांची बदली होते, कमिटी बदलता येते. हा सहभागच आहे, आपण वार्षिक सभेला जात नाही ही गोष्ट वेगळी.

म्हणून माझा कौल घरमंडळ्यांना, पण एका अटीवर. प्रत्येक घरमंडळीचा एक माणूस कमिटीत बसला पाहिजे, आणि तिच्या दानातला काही भाग तिनंच आपल्या भागातल्या गरजेवर खर्च केला पाहिजे. नुसती वर्गणी गोळा करायला गट पाडलेत तर वर्षभरात चहासुद्धा बंद होईल.

सुरुवात दोनच गटांनी करा, उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारापासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत. पाळकांनी पहिल्या सभेला यावं, खाली सतरंजीवर बसावं आणि त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी असावी.